वादीने मोजलेलं गाव

जव्हारच्या बाजारात रस्त्याच्या वरच्या अंगाला काटा आहे आणि खालच्या अंगाला वाटा. वर म्हणजे दुकानांच्या पायऱ्यांवर. तिथे इलेक्ट्रॉनिक काटे आले, लाल आकडे लुकलुकतात, नागली, वरई, उडीद, खुरासणी सगळं त्या आकड्यांवर ठरतं. खाली, डांबराच्या कडेला फडकी अंथरून बायका बसतात. त्यांच्याकडे काटा नाही. माल ढिगाढिगाने मांडलेला असतो आणि प्रत्येक ढिगाला वाटा म्हणतात. वीसचा वाटा, तीसचा वाटा. त्याचं वजन किती, असं विचारणारा गिऱ्हाईक बाहेरगावचा, हे त्यांना लगेच कळतं.

मी विचारलं होतं. जूनचे दिवस, पहिले दोन पाऊस होऊन गेलेले, आणि शेवळांचा हंगाम नुकता लागलेला. जांभळट तपकिरी, टोकदार, मातीतून भाल्यासारखी वर आलेली शेवळं. पंधरा-वीस दांड्यांची एक जुडी, पळसाच्या सोपटाने बांधलेली, आणि प्रत्येक जुडीशेजारी चार-पाच हिरवी, बोराएवढी आंबट फळं. ती काकडं. मी जुडी उचलली, काकडं तिथेच राहिली. बाईने हात धरला.

"ती पण घे दादा. त्याबिगर घसा खाजल."

"त्याचे किती?"

"त्याचं काय किती? वाट्यातलीच ती."

शेवळं नुसती शिजवली तर घशाला खाज सुटते. काकडांचा रस ती खाज मारतो. म्हणजे भाजीबरोबर तिचा उताराही त्याच वाट्यात, त्याच दामात. वरच्या पायरीवरच्या काट्याला असा हिशेब जमत नाही.

मी आलो होतो उलट्या दिशेने. बहुतेक लोक जव्हारला मुंबईहून नाहीतर नाशिकहून येतात, मी आलो सिल्वासाकडून. वासोण्याला आमचे एक नातेवाईक असतात. तिथे आलेला पाहुणा एक तर लायन सफारीत जाळीच्या गाडीतून सिंह बघतो, नाहीतर दुधनीला जाऊन मधुबन धरणाच्या पाण्यात होडीत बसतो. दोन्ही करून झाल्यावर मी विचारलं, इथे जुनं काय आहे? यजमानांनी जरा विचार केला. सिल्वासाला पोर्तुगीजांच्या काळातलं चर्च आहे. किल्ला बघायचा तर दमण. "आणि राजाचं गाव बघायचं असेल," ते म्हणाले, "तर खानवेलवरून खाली जव्हारला जा. बाजारही होईल."

बाजारही होईल, हे त्यांनी शेपटासारखं जोडलं. मला ते उलटं वाटतं. जव्हारला आधी बाजार आणि मग राजा.

नाशिकच्या पांडवलेण्यांत दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात उषवदाताचा एक शिलालेख आहे. उषवदात हा क्षत्रप नहपानाचा जावई. त्याने केलेल्या दानधर्माची ती यादी आहे, आणि तीत काही नद्यांची नावं येतात: इबा, पारदा, दमणा, तापी, करबेणा, दाहनुका. या नद्यांवर त्याने फुकट होड्यांची सोय केली होती. दमणा म्हणजे आपली दमणगंगा, सिल्वासाच्या पुलाखालून वाहते तीच. दाहनुका म्हणजे डहाणूची. नाशिकच्या डोंगरात बसून कोणी डहाणूच्या नदीवर होडी ठेवतो, ती हौस म्हणून नव्हे. बंदर आणि घाटमाथा यांच्यामध्ये माणसं आणि माल सतत चालत होते म्हणूनच. दोन हजार वर्षांपूर्वीची ही वाट, आणि त्या वाटेच्या मधल्या पठारावर, समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास, जव्हार. खालून मीठ आणि सुकी मासळी वर जाणार, वरून धान्य खाली येणार, मधल्या जंगलातून साग, मध, हिरडा, डिंक. आजही बाजारात जवळा, सुकट, बोंबील यांची टोपली आधी नाकाला कळते, मग डोळ्यांना.

राजाची गोष्ट मात्र मोजण्याची आहे.

१८८२ च्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये ती छापलेली आहे आणि जव्हारमध्ये अजून तोंडी चालते. इगतपुरीजवळच्या थळ घाटात मुकणे नावाच्या ठिकाणी एका महादेव कोळी सरदाराची मातीची गढी होती. त्याचं नाव जयबा. गॅझेटियर त्याला पौपेरा असंही म्हणतं. पिंप्रीच्या देवस्थानात त्याला पाच गोसाव्यांनी आशीर्वाद दिला आणि जव्हारचा राजा म्हणून हाक मारली. मग तो माणसं जमवून पेठ, धरमपूर करत सुरतेकडे आणि पुढे काठेवाडात गेला, सात वर्षं तिकडे राहिला. परत आला तो जव्हारच्या वारली नायकाकडे. त्याने मागणं केलं ते एवढंसं: एका बैलाच्या कातड्यात मावेल तेवढी जमीन. नायक हो म्हणाला. जयबाने कातड्याच्या बारीक बारीक वाद्या काढल्या, त्या एकाला एक जोडल्या आणि त्या वादीने जेवढा घेर पडला तेवढं आपलं म्हटलं. त्या घेरात वारल्याचं गावच आलं. वारली नायकाला मग गंभीरगड आणि आसपासचा मुलूख देऊन वाटेला लावलं.

ही गोष्ट एकट्या जव्हारची नाही. भूमध्य समुद्राकाठी कार्थेज शहर वसवणाऱ्या राणी डायडोबद्दल हुबेहूब हीच कथा आहे. तिथल्या टेकडीला बिर्सा म्हणतात आणि ग्रीकमध्ये त्याचा अर्थच कातडं. दोन्हीकडे नेमका बैल, नेमकं कातडं, नेमकी वादी. इतक्या लांबून ही कथा चालत आली, की जिथे जिथे कोणी परक्याच्या जमिनीवर शिरलं तिथे तिथे ती आपोआप उगवली, ते विद्वानांनी ठरवावं. मला तिच्यातली एक गोष्ट खटकते. ती नेहमी वादी कापणाऱ्याकडून सांगितली जाते. त्याच्या हुशारीची म्हणून. राजवाड्याजवळ मला ती एका गृहस्थांनी अशीच सांगितली, मांडीवर थाप मारून. वारली नायकाचं नाव मी विचारलं. त्यांना ठाऊक नव्हतं, आणि गॅझेटियरमधली हकीकतही त्याला नुसता वारली म्हणून सोडून देते.

जयबाचा मुलगा धुळबाराव. त्याला दिल्लीच्या मुहम्मद तुघलकाकडून निमशाह हा किताब मिळाला आणि राज्याला मान्यता मिळाली ती ५ जून १३४३ रोजी. जव्हार संस्थानात पुढे त्या वर्षापासून स्वतःचा शकच चालला. त्या वेळी निमशाहाकडे बावीस किल्ले होते असं सांगतात. त्यांतला भूपतगड आजही जव्हार तालुक्यात, झाप गावावर उभा आहे: पाण्याची टाकी, पडके चौथरे आणि पावसाळ्यात गुडघाभर गवत. गडकोट बघणाऱ्यांना एवढं पुरतं. राजाच्या नावात तेव्हापासून शाह चिकटला तो शेवटपर्यंत: विक्रमशाह, पतंगशाह, कृष्णशाह.

विक्रमशाहांपैकी पहिल्याची आठवण गावाबाहेर शिरपामाळावर आहे. १६६४ च्या सुरतेच्या पहिल्या स्वारीवर जाताना शिवाजी महाराज या वाटेने गेले, माळावर राजाने त्यांचं स्वागत केलं आणि शिरपेच चढवला, म्हणून शिरपामाळ. गावात ही हकीकत अभिमानाने सांगतात आणि सांगावीच. पण तिचा पुढचा भाग कोणी आपणहून सांगत नाही. आठ वर्षांनी, १६७२ च्या जूनमध्ये, महाराजांच्याच मोरोपंत पिंगळ्यांनी जव्हार घेतलं आणि तोच विक्रमशाह मोगलांच्या आश्रयाला नाशिककडे गेला. सुरतेची वाट ज्याच्या दारातून जाते त्याला एका शिरपेचावर कोण सोडणार! पुढे पेशव्यांनी मुलूख कातरत नेला, आणि इंग्रजांच्या काळात राहिलं ते अवघं ३१० चौरस मैलांचं संस्थान.

याच काळात सिल्वासाकडेही एक मोजणी झाली. १७७२ मध्ये मराठ्यांच्या आरमाराने पोर्तुगीजांचं सांताना नावाचं जहाज धरलं. त्याच्या भरपाईपोटी १७७९ च्या तहात पेशव्यांनी बारा हजार रुपये वसुलाची गावं द्यायचं कबूल केलं आणि १७८३ मध्ये नगर हवेलीतली बहात्तर गावं मोजून दिली. ती नुसत्या वसुलासाठी दिली होती, की मालकीहक्काने, हा वाद पावणेदोनशे वर्षांनी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयापर्यंत गेला. तोवर १९५४ च्या २ ऑगस्टला सिल्वासा मुक्तही झालं होतं. या मुलखात जमीन कधी कातड्याने मोजली गेली, कधी जहाजाने. तिच्यावर राहणाऱ्या माणसाला दोन्ही वेळी कोणी विचारलं नाही.

राजवाड्याकडे जायला गावाच्या टोकाला टेकडी चढावी लागते. काजूच्या झाडांमधून रस्ता आहे. जय विलास हा मुळी जुना नाही, आणि हे ऐकून बऱ्याच पाहुण्यांची निराशा होते. सहाशे वर्षांच्या राजघराण्याचा हा वाडा १९४० च्या आगेमागे उभा राहिला, शेवटचे राजे यशवंतराव मुकणे यांच्या काळात. गुलाबी दगड, पाश्चात्त्य धाटणीचे खांब, वर घुमट. पावसाने दगड भिजला की गुलाबी रंग वीटकरी होतो आणि सगळी इमारत एकदम जड दिसायला लागते. उन्हात ती जरा नाटकातल्या पडद्यासारखी वाटते. सिनेमावाल्यांना ती आवडते ती त्यामुळेच असावी. गच्चीवरून खाली दऱ्या दिसतात, आणि संध्याकाळी लोक सनसेट पॉइंटवर किंवा हनुमान पॉइंटवर जाऊन उभे राहतात. ठाण्याचं महाबळेश्वर म्हणत असत जव्हारला. आता जिल्हा ठाणे राहिला नाही, पालघर झाला, पण म्हण तशीच आहे.

यशवंतराव स्वतः दुसऱ्या महायुद्धात हवाई दलात होते आणि पुढे खासदार झाले. गादीवर आले तेव्हा, १९२७ मध्ये, ते लहान मूल होते. संस्थान १९४८ मध्ये मुंबई राज्यात विलीन झालं. म्हणजे वाडा बांधून पुरता वापरायच्या आत राज्यच संपलं. मला या वाड्याबद्दल वाईट वाटतं ते एवढ्यापुरतंच. वाडा पडका असता तर त्याला इतिहासाची शोभा आली असती. हा धडधाकट आहे आणि त्याच्यात करण्यासारखं काही नाही.

गावाचं तसं झालं नाही. नगरपालिका १९१८ ची, संस्थानच्या काळातली. तहसील, एसटीचं आगार, आश्रमशाळा, रुग्णालय, आदिवासी विकासाच्या कचेऱ्या, त्यांतले कारकून आणि मास्तर, आणि या सगळ्यांना लागणारी दुकानं. गावाचं नाव पंडित नेहरूंवरून पडलं असा कोणाचा समज झाला तर शाळकरी पोरगंही दुरुस्त करतं: जवाहर नव्हे, जव्हार. दसऱ्याच्या सुमारास गाव सगळ्यात भरतं. एकीकडे राजघराण्याचा दसरा, दुसरीकडे शाह सदरुद्दीन बद्रुद्दीन हुसेन चिश्ती यांच्या दर्ग्याचा उरूस, आणि दोन्हींच्या मध्ये पाळणे, बांगड्या, खाजा विकणारे. चैत्र-वैशाखात बोहाडा येतो. रात्रभर टेंभ्यांच्या उजेडात देव-दानवांची सोंगं एकामागून एक नाचत येतात, आधी गणपती, मग बाकीचे, आणि सांबळ काही थांबत नाही. कोणतं सोंग कोणत्या घराने घ्यायचं हे पिढ्यांचं ठरलेलं असतं. मुखवटा डोक्यावर चढला की आतल्या माणसाला नावाने हाक मारत नाहीत.

पण बाजाराचा खरा हिशेब सणांवर नाही, जाण्या-येण्यावर चालतो. इथे एक शब्द आहे, जगायला जाणे. दिवाळी झाली, भात-नागली घरात आली, की आदिवासी कुटुंबं गाठोडी बांधतात आणि भिवंडी, वसई, पालघरच्या वीटभट्ट्यांवर, खाडीच्या रेतीवर उतरतात. "कुठे गेला?" "जगाया गेला." उत्तर देणाऱ्याच्या आवाजात त्याचं विशेष काही नसतं. तालुक्याची वस्ती नव्वद टक्क्यांहून अधिक आदिवासींची, वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी. नागली-वरईची शेती डोंगरउतारावरची, पावसावरची, आणि ती चार-सहा महिन्यांच्या पुढे पुरत नाही. वीटभट्टीवर मजुरी हजारी, म्हणजे हजार विटांमागे. आठवड्याला खर्ची मिळते ती खाण्यापुरती, आणि हिशेब शेवटी, शिमग्याला परतताना. आधी घेतलेली उचल त्यातून कापायची. किती विटा मोजल्या गेल्या आणि किती पावसाने बाद झाल्या म्हणून वजा झाल्या, हे मोजणारा ठरवतो. शिमग्याच्या आधीच्या आठवड्यात जव्हारच्या दुकानदाराला विचारा, या वर्षी भट्टीवाल्यांनी हिशेब कसा केला. तो गल्ल्याकडे बघून सांगेल.

मापाचं भांडण इथे नवं नाही. सावकारांची पायली देताना वेगळी आणि घेताना वेगळी, ही तक्रार या पट्ट्यातल्या म्हाताऱ्यांच्या तोंडून मी लहानपणापासून ऐकली आहे. लग्नासाठी कर्ज काढलेला जवान मालकाच्या दारी कामाला लागे, त्याला लग्नगडी म्हणत, आणि ते कर्ज सहसा फिटत नसे. १९४५ साली शामराव आणि गोदावरी परुळेकरांच्या पुढाकाराने वारल्यांनी जो लढा दिला त्यातली एक मागणी सरळ मापाचीच होती: पाचशे पौंड गवत कापण्याला अडीच रुपये. त्या ऑक्टोबरात तलवाड्याला, जव्हारच्या वाटेवर, जमावावर गोळीबार झाला. जेठ्या गांगड आणि आणखी चौघे मारले गेले. गोदावरीबाईंचं 'जेव्हा माणूस जागा होतो' हे पुस्तक या सगळ्याबद्दल आहे. तलवाडा आता विक्रमगड तालुक्यात येतं. एसटी तिथे दोन मिनिटं थांबते, भजीवाला खिडकीशी येतो.

आणि १९९२-९३. त्या वर्षी तालुक्यातल्या वावर-वांगणीतली मुलं उपासमारीने आणि आजारांनी दगावली आणि जव्हारचं नाव पहिल्यांदा देशभर गेलं, राजवाड्यासाठी नव्हे. मुख्यमंत्री आले, कचेऱ्या वाढल्या, जव्हारला अपर जिल्हाधिकारी बसायला लागले. १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून नवा जिल्हा फुटला तेव्हा त्याचं ठाणं जव्हारला व्हावं अशी मागणी होती. ते रेल्वेवरच्या पालघरला झालं. पोर वजनाच्या झोळीत घालून किलो-ग्रॅम मोजणाऱ्या अंगणवाडीच्या बाई आता प्रत्येक पाड्यावर दिसतात. काट्याचा हा एक उपयोग मला निःशंक पटलेला आहे.

या काही वर्षांत नवं काय? मोगरा. जव्हार-विक्रमगडच्या उतारांवर मोगऱ्याची लागवड झाली आहे, आणि पहाटे कळ्या खुडून त्या दादरच्या फुलबाजारात पोचवतात. कळी उमलायच्या आत मुंबई गाठायची, एवढी ती घाई. काही शेतकऱ्यांनी स्ट्रॉबेरीही लावून पाहिली. वारली चित्रं आता पर्स, चादरी, चहाच्या कपांवर आली आणि ती दुकानाच्या वरच्या पायरीवर विकली जातात. खाली फडक्यावर अजून रान आहे: शेवळं, बांबूचे कोवळे कोंब म्हणजे वास्ता, कडूकंद, करवंदं, आठवडाभराने टाकळा आणि कवळी. यांतलं एकही पीक कोणी पेरलेलं नाही.

चार वाजता पावसाचा रंग दिसायला लागला तसे वाटे एकमेकांत मिसळू लागले. दोन वाट्यांचा एक, मग तीनचा एक, दाम तेच. शेवटी बाईने माझ्या पिशवीत उरलेली एक जुडी वरून टाकली, काकडांसकट, आणि फडकं झटकलं.

परतीची एसटी सिल्वासाची पाटी लावून उभी होती. निम्मी गाडी तरुण पोरांनी भरलेली, पाठीवर सॅक, कानात वायरी. माझ्या शेजारी बसलेला जव्हारच्या पुढच्या एका पाड्यावरचा होता. सिल्वासाकडच्या एका कारखान्यात प्लास्टिकच्या मशिनवर काम करत होता, रविवारी घरी येऊन जात होता. आता जगायला भट्टीवर जावं लागत नाही, वर्षभर काम असतं, असं तो म्हणाला. गाडी उतारावरून उत्तरेला निघाली. डावीकडे डोंगरांची रांग ढगात होती. तिकडेच कुठेतरी गंभीरगड ना, मी विचारलं.

"हां, तिकडंच. आज नाय दिसायचा."

मग त्याने मोबाइलवर वेळ पाहिली. रात्रपाळी होती.

"किती तासांची ड्युटी?"

"बारा," तो म्हणाला. "हजेरी आठाची लावतात."

खानवेलला गाडी थांबली. तो चहा प्यायला उतरला आणि मलाही चल म्हणाला.